टिटवी ओरडली की बघून यायचं

अरे ईशान, ऐक ना, आत्ता काय झालं ते आधी ऐक. आम्ही माळावर फोटो काढायला गेलेलो ना, तिथलं सगळं गवत जाळलेलं. काळंकुट्ट. आणि मधेमधे पिवळ्या गवताची गोल बेटं, एकेक खाटेएवढी! मला वाटलं, आग तिथे पोचली नसेल. तर मेंढरं राखणारे जानूमामा म्हणाले, पोचली नाही असं नाही, ती बेटं मुद्दाम सोडलीयत. आणि सांगत बसले. एकदम सपाट आवाजात.

फार पूर्वी म्हणे इथे खेमा नावाचा धनगर होता. मेंढरं उपाशी. वाळलेलं गवत जाळलं की वळवाच्या पावसानंतर कोवळं लवकर फुटतं, म्हणून तो पेटवायला टपलेला. पण तीन दिवस वारा उलटा, थेट मेंढवाड्याकडे. चौथ्या दिवशी फिरला. खेमानं पेटती चूड हातात घेतली, आणि गवतात टिटवी ओरडायला लागली. ती अंडी जमिनीवरच घालते ना, जवळ कोणी आलं की ओरडतेच.

त्याची बायको बनू म्हणाली, "टिटवी वरडतीया. जरा बघून या."

"ती रोजच वरडती," खेमा म्हणाला, आणि चूड टेकवली.

त्यांची लहानगी बोरीखाली घोंगडीवर झोपवलेली होती. दोघांनाही वाटलं, तिथेच आहे. ती उठून रांगत टिटवीच्या अंड्यांपाशी गेली होती.

पुढचं मामांनी सांगितलंच नाही.

खेमा रडला नाही म्हणे. बनू त्याला जन्मात काही बोलली नाही. फक्त कुठेही टिटवी ओरडली की तो भाकरी खाली ठेवून उठायचा, बघून यायचा. अंडीच असायची. परत येऊन जेवायचा. म्हातारा होईपर्यंत हेच.

आजही पेटवणाऱ्यानं आधी अनवाणी जायचं, टिटवी ओरडेल तिथे वाकून बघायचं, आग आत जाऊ नये म्हणून भोवती गोल खुरपायचं, मगच आग लावायची. मी विचारलं, इतक्या वर्षांत अंड्यांशिवाय काही सापडलं का कधी?

"नाय," मामा म्हणाले. "तरी जायाचं."

मला रडूबिडू काही आलं नाही रे. काहीच नाही आलं. फोटोही एक नाही काढला. तू सांग, मेंढरं उपाशी, तीन दिवसांनी वारा फिरलेला, आणि टिटवी तर रोजच ओरडते. तू काय केलं असतंस?