इनास राजाच्या वाटणीचा नाताळ

एकदा काय झालं, समुद्राच्या मधोमध एक बेट होतं आणि त्या बेटावर एक राजा होता. इनास राजा. ए, पाय आत घे आधी, आणि गोधडी सगळी स्वतःकडे ओढू नकोस. हं. तर इनास राजा. राणी बिचारी देवाघरी गेलेली आणि मागे एकच मुलगी, तेरेज. दहा वर्षांची. पुढचे दोन दात मोठे, तोंड दिवसभर चालू, आणि बापावर जीव असा की विचारू नका.

त्या बेटाची एक रीत होती, बरं का. राजाचं मूल दहा वर्षांचं झालं की तीन राजांच्या सणाला पलीकडच्या मुलखातून एक गलबत यायचं आणि मुलाला घेऊन जायचं. राज्य कसं करायचं ते शिकायला. सात वर्षं. मध्ये भेट नाही, चिठ्ठी नाही. कोणी घातली असली रीत? मला काय विचारता, मी असते तर केव्हाच मोडून टाकली असती.

तर नाताळ आला. नाताळपासून तीन राजांच्या सणापर्यंत बारा दिवस. सगळ्या बेटाला सुट्टी. चर्चमध्ये मिस्सा ऐकून घरी आल्यावर तेरेज म्हणाली, "बाबा, हे बारा दिवस आपण घरीच राहू या. कुठ्ठे म्हणून जायचं नाही."

राजा म्हणाला, "घरात काय गंमत आहे, वेडे? घर तर रोजचंच आहे. तुला सात वर्षं पुरेल अशी गंमत हवी. मी शोधून आणतो. चार दिवसांत आलोच बघ."

"मला नको," तेरेज म्हणाली. पण राजाचा एक पाय रिकिबीत होता. बहिरा नव्हता तो, पण ऐकलं नाही. माणूस वाईट नव्हता हो. मुलीसाठीच निघाला होता, म्हणून तर मला त्याचा राग येतो.

मग राजा निघाला तो तिसऱ्या दिवशी एका कोळणीच्या घरी पोचला. घरात ही गर्दी. सगळी पोरं चटईवर बसून कुलकुलं वळत होती. कणकेची गोळी नव्या फणीच्या दातांवर दाबायची, गुंडाळी करायची, की झालं कुलकुल. आणि गंमत काय, तर त्या घरची कुलकुलं तेलात पडली की शीळ घालायची. एक जाड आवाजात, एक बारीक. कढई भरली की नाताळचं अख्खं गाणं वाजायचं. पोरं हसून हसून लोळायची.

राजा म्हणाला, "ही फणी मला दे."

कोळीण म्हणाली, "न्या की महाराज. फणी काय, बाजारात पैशाला पासरी मिळते. पण तुमच्याकडे वळायला कोण बसणार?"

राजाने फणी खिशात टाकली. घरी परतावं असं एकदा त्याच्या मनात आलं. पण मग वाटलं, नुसती एक फणी? सात वर्षांसाठी? याहून मोठं काहीतरी असेल.

मग तो पुढे गेला. सातव्या दिवशी एका बुरुडाच्या घरी पोचला. अंगणात बुरूड आणि त्याच्या लेकी कांबट्या बांधून चांदणीचा कंदील करत होत्या. पतंगाचा लाल कागद, खळ, बोटं सगळी चिकट. कंदील टांगला, आणि आभाळातून एक खरीखुरी चांदणी सुळकन उतरली आणि आत जाऊन बसली. लेकी तिच्याशी गप्पा मारायला लागल्या आणि ती लुकलुकून हो-नाही करायला लागली.

"हा कंदील मला हवा," राजा म्हणाला. बुरुडाने दिला. राजाला कोण नाही म्हणणार? उचलताच चांदणी मात्र भुर्रकन वर गेली. राजा म्हणाला, आमच्याकडे येईल. आणि तो आणखी पुढे गेला. चार दिवसांत येतो म्हणाला होता ना? विसरला नव्हता तो. पण रिकाम्या कंदिलाने परत कसं जायचं, असं होऊन बसलं त्याचं.

झोपलात का गं? नाही? मग डोळे मिटून ऐका.

अकराव्या दिवशी राजा एका म्हातारा-म्हातारीच्या झोपडीत पोचला. दोघांनी कोपऱ्यात गोठा मांडला होता. बाळ येशू, गवतासाठी नाचणीचे हिरवे कोंब, आणि मातीची मेंढरं. दोघं गायला लागली की मेंढरं उठायची आणि कोंब खायची. म्हातारी लटकं रागवायची, "पुरे रे, उद्याला ठेवा."

राजाचा चेहरा खुलला. "एक मेंढरू द्या. माझ्या मुलीला न्यायचं आहे. परवा ती सात वर्षांसाठी जाणार."

म्हाताऱ्याने मेंढरू हातात दिलं आणि विचारलं, "मुलगी कुठे आहे?"

"घरी."

"मग महाराज, तुम्ही इथे काय करताय?"

राजाने बोटांवर दिवस मोजले. सरळ वाटेनेही घर दोन दिवसांवर होतं. तो उठला, घोड्यावर बसला आणि जीव खाऊन सुटला. जेवला नाही, थांबला नाही. घोड्याच्या तोंडाला फेस आला. तीन राजांच्या सणाला दुपार टळता टळता तो वाड्याच्या पायऱ्या चढला.

भरती दुपारी बारालाच आली होती. गलबत गेलं होतं.

दारात कतरीन मावशी उभी होती. तिनेच तेरेजला अंगाखांद्यावर वाढवलेलं. तिने हाताने जेवणघराकडे दाखवलं फक्त.

जेवणघरातल्या लांब मेजावर बारा बशा ओळीने मांडलेल्या होत्या. प्रत्येकीवर रुमाल झाकलेला. मावशी म्हणाली, "रोज जे काही केलं त्यातलं तुमच्या वाटणीचं काढून ठेवायची. बाबा आज येतील म्हणायची. रोज म्हणायची."

राजाने पहिला रुमाल उचलला. नाताळच्या केकचा तुकडा, वाळून दगड झालेला. दुसऱ्या बशीत कुलकुलं, वेडीवाकडी, दोन करपलेली. तिसऱ्या बशीत पत्ते. त्यांचा डाव मांडताना तिने राजाचीही पानं वाटली होती आणि पालथी घालून ठेवली होती. एका बशीत अर्धीच चिकटवलेली चांदणी होती, उरलेली अर्धी बाबांसाठी. एकीत नाचणीचे कोंब, पाण्यावाचून पिवळे पडलेले. आणि बाराव्या बशीत आदल्या संध्याकाळची करंजी, अजून मऊ.

शीळ घालणारं त्यात काही नव्हतं. राजा खाली बसला. दगड झालेल्या केकपासून सुरुवात करून त्याने खाऊच्या बशा एकेक करून संपवल्या. पत्ते उलटे करून पाहिले. मोठमोठी पानं तिने बापालाच दिली होती. मग मात्र तो राजा असूनही ओक्साबोक्शी रडला, आणि मावशीने त्याला गप्प केलं नाही.

मग सात वर्षं गेली. गलबत तेरेजला घेऊन परत आलं. राजाने ती रीत मोडली, त्या बेटावरून पुन्हा कोणाचं मूल गेलं नाही. बापलेक दर नाताळला बारा दिवस घरी राहायची, कुलकुलं करायची, पत्ते खेळायची. तेरेज शहाणी झाली होती, गोड बोलायची. तिने एकदाही बापाला टोचून विचारलं नाही. कुलकुलं तर इतकी सुबक वळायची की एकही वाकडं नाही. राजा तिच्याकडे कौतुकाने बघायचा, आणि बघता बघता मोठे दात असलेल्या त्या दहा वर्षांच्या बडबडीला शोधायचा. ती काही त्याला पुन्हा भेटली नाही.

पण राहिली हो, दोघं सुखात राहिली. कतरीन मावशीही राहिली. चला, कुशीवर वळा आता. उद्या तुम्हाला सुट्टी आहे, आणि मी कुठे जायची नाही.