झुबकीची शेपटी फोटोत येईना

एक होती खार. एवढीशी, पेरूएवढी. तिचं नाव झुबकी. शेपटी मात्र तिच्याहून मोठी.

उमामावशीनं नवा कॅमेरा आणला. अगदी साधा, नवशिक्याचा. तिनं अंगणातल्या सगळ्यांचे फोटो काढले. चिमटे लावून दोरीवर टांगले. शेळीचा आला. कोंबडीचा आला. कावळ्याचा आला. झुबकीचाही आला. पण पेरूच्या झाडाखाली सावली, आणि झुबकी घडीभर गप्प बसेल तर शपथ. फोटोत शेपटीच्या जागी नुसता धूर.

कावळा म्हणाला, "हा तर उंदीर."

झुबकीला फार फार वाईट वाटलं. ती पानाआड जाऊन रडली. मग तिनं डोळे पुसले आणि निघाली. तुरुतुरु टुण्, तुरुतुरु टुण्.

कॅमेरा टेबलावर बसला होता.

"कॅमेरादादा, कॅमेरादादा, फोटोत माझी शेपटी येईना."

कॅमेरा म्हणाला, "माझ्या लेन्सचा डोळा बारीक. सावलीत नीट दिसत नाही. मोठ्या डोळ्याची लेन्स बसली, तर बघीन. नाही तर नाही."

तुरुतुरु टुण्. झुबकी गेली कपाटात. तिथे होत्या तीन लेन्स.

"लेन्सबाई, लेन्सबाई, कॅमेरा बघेना, फोटोत माझी शेपटी येईना."

लांबोडी लेन्स म्हणाली, "माझी मान जाड, कॅमेऱ्याचं तोंड लहान. मी काही मावायची नाही."

म्हातारी लेन्स म्हणाली, "मी मावते गं. पण चित्र स्पष्ट यायला मला फिरवावं लागतं, त्याला कॅमेऱ्यात मोटर लागते. ह्याच्यात ती नाहीच."

तिसरी होती बुटकी. पेढ्याएवढी. डोळा टप्पोरा. ती म्हणाली, "मी मावते. माझी मोटर माझ्याच पोटात. माझ्या अंगावर एक ठिपका, कॅमेऱ्यावर एक ठिपका. मावशीनं ठिपक्याला ठिपका जुळवला, तर बसेन. नाही तर नाही."

तुरुतुरु टुण्. झुबकी गेली मावशीकडे. मावशी शेंगा सोलत होती.

"मावशी, मावशी, लेन्स बसेना, कॅमेरा बघेना, फोटोत माझी शेपटी येईना."

मावशी म्हणाली, "ठिपका केवढासा, मला दिसतोय कुठे? चष्मा नाकावर आला, तर जुळवीन. नाही तर नाही."

तुरुतुरु टुण्. चष्मा होता सतरंजीवर. मनी मांजरीच्या पोटाखाली. नुसती एक काडी बाहेर.

"चष्मेबुवा, चष्मेबुवा, मावशी जुळवेना, लेन्स बसेना, कॅमेरा बघेना, फोटोत माझी शेपटी येईना."

चष्मा म्हणाला, "मनी उठली, तर येईन. नाही तर नाही."

आता मनीशी बोलायचं? झुबकी चार पावलं मागे सरली. मांजर ते मांजरच. ती लांबूनच म्हणाली,

"मनीबाई, मनीबाई, चष्मा येईना, मावशी जुळवेना, लेन्स बसेना, कॅमेरा बघेना, फोटोत माझी शेपटी येईना."

मनीनं एक डोळा उघडला. "इथे ऊन छान आहे. ऊन सरकलं, तर उठेन. नाही तर नाही." डोळा मिटला.

"उन्हा रे उन्हा, मनी उठेना, चष्मा येईना, मावशी जुळवेना, लेन्स बसेना, कॅमेरा बघेना, फोटोत माझी शेपटी येईना."

ऊन म्हणालं, "तुझी शेपटी सारखी लुटुलुटु हलते. मला गुदगुल्या होतात. शेपटी गप्प बसली, तर सरकेन. नाही तर नाही."

आता शेपटीला कोण सांगणार? झुबकीच. तिनं शेपटी दोन्ही हातांत धरली.

"शेपटे, शेपटे, ऊन सरकेना, मनी उठेना, चष्मा येईना, मावशी जुळवेना, लेन्स बसेना, कॅमेरा बघेना, आणि फोटोत तूच येईनास."

शेपटी गप्प बसली. एक, दोन, तीन, चार...

शेपटी गप्प बसली, ऊन सरकलं. ऊन सरकलं, मनी उठली. मनी उठली, चष्मा नाकावर आला. चष्मा आला, मावशीनं ठिपक्याला ठिपका जुळवला. खट्. लेन्स बसली. कॅमेऱ्यानं बघितलं.

"दिसतंय," तो म्हणाला. "पण झुबकी केवढी लांब."

बुटकी लेन्स म्हणाली, "लांबचं जवळ ओढणं मला येत नाही. झुबके, तुझ्या पायांनीच ये."

झुबकी माणसाच्या इतक्या जवळ कधीच गेली नव्हती. मावशी हळूच म्हणाली, "ये गं बाळा."

तुरुतुरु टुण्. अजून थोडं. अजून थोडं. अगदी जवळ. मग झुबकीनं पाठ फिरवली, शेपटी ताठ उभी केली आणि गप्प बसली.

खटक्.

फोटोत शेपटीच शेपटी. केस न् केस मोजून घ्यावा. कोपऱ्यात झुबकीचा अर्धा कान. मावशीनं तो फोटो दोरीवर सगळ्यांच्या मधोमध टांगला.

कावळ्यानं मान इकडे केली, तिकडे केली.

"ही तर खार," तो म्हणाला.

झुबकी हसली. शेपटी पुन्हा लुटुलुटु हलली. उन्हाला गुदगुल्या झाल्या.

शेपटी टांगली दोरीवर, गोष्ट चढली पेरूवर.