ज्या संध्याकाळी गावात धूर निघाला नाही

फार फार वर्षांपूर्वी, डोंगरांना अजून नावंही पडली नव्हती तेव्हा, नदीकाठी एक गाव होतं. गावाच्या कडेला लव्हाळ्याच्या चटया विणणारी अंबू आणि तिचा आंधळा बाप राहत. दुष्काळात डोंगरापलीकडून आलेली ही माणसं. त्यांची बोली वेगळी, देव वेगळा. पण घरोघरी बाळंतिणीखाली अंथरली जायची ती अंबूचीच चटई.

एका वर्षी नदी आटली. धुरपाबाईचा लेक मल्हारी पारावर बसून म्हणू लागला, "यांचाच देव आपली नदी गिळतोय." ऐकणारे हसले. "गप रे," असं कुणीच म्हटलं नाही. हसता हसता आणखी काही जण तसंच बोलू लागले.

आणि एका दुपारी, सारे शेतात असताना, अंबूचं घर पेटलं. बापाला तिनं कसंबसं ओढून बाहेर काढलं. त्याचे दोन्ही हात भाजले. बाकी सगळ्याची राख झाली.

दिवस कलला तशी ती म्हणाली, "चला बाबा. पुन्हा डोंगर ओलांडू."

बांधावर चढून तिनं एकदाच मागं वळून पाहिलं, आणि तिचा पाय उचलेना. भाकरीची वेळ झालेली, पण एकाही घरातून धूर निघत नव्हता. गावावर नुसतं कोरं आभाळ उभं होतं. असं फक्त मयत झाल्यावर होई. प्रेत उचलेपर्यंत गावात कुणी चूल पेटवत नसे.

"बाबा, गावात कुणीतरी गेलंय."

"कोण गं?"

तेवढ्यात माणसं येताना दिसली. बायका, गडी, काठी टेकत म्हातारे. अंबू बापाच्या पुढं उभी राहिली. पण कुणाच्याच हातात दगड नव्हता. प्रत्येकाच्या हातात होती विस्तव न्यायची रिकामी खापरी. सगळ्यांत पुढं धुरपाबाई.

"कोण गेलं, काकू?"

"अजून कुणी नाही. तुम्ही गेलात तर गाव गेलं म्हणायचं." धुरपाबाईला धाप लागली होती. "तुझं घर जाळायला माझ्या लेकानं माझ्याच चुलीतलं लाकूड नेलं. सासूच्या वेळेपासून जपलेला विस्तव होता तो. त्यावर भाकरी कशी भाजू? पाणी ओतलं. शेजारणीला सांगितलं, तिनंही ओतलं. मग साऱ्या गावानंच."

अंबूचा आवाज कडवट झाला. "आणि आता मला विस्तव द्यायला आलात? नको मला तुमचा."

"द्यायला आहेच कुठं, बाई? मागायला आलोय. तुझी चूल पेटल्याशिवाय गावात कुणी चकमक झाडणार नाही."

मागून एक म्हातारा हळूच म्हणाला, "पारावर मी हसलो होतो, पोरी."

"किती जण आहेत गं?" बापानं विचारलं.

"सगळं गाव आहे, बाबा."

तो कान देऊन ऐकत राहिला. भुकेली पोरं रडत होती, तरी एकही पाऊल मागं फिरत नव्हतं.

"मग चूल मांड," तो म्हणाला.

सारे घराच्या जागी परतले. राखेतच तीन दगड मांडून अंबूनं चकमक झाडली. दुपारी जिनं तिचं घर गिळलं, तीच आग आता तिच्या ओंजळीशी शहाण्या वासरासारखी उभी होती. एकेक खापरी पुढं आली. एकेक निखारा अंधारत्या वाटेनं गावाकडं निघाला, आणि बघता बघता सारी वाट चांदण्यांची झाली.

शेवटी मल्हारी उरला. त्याचा हात वर होईना.

"काय पाहिजे?"

"विस्तव."

"दुपारी नेलास, तो कशाला? मोठ्यानं सांग."

"तुझं घर... मीच जाळलं."

साऱ्या गावानं ऐकलं. पंचांनी तिथंच सांगितलं, "घर उभं राहीपर्यंत तू इथं राबशील. आणि या म्हाताऱ्याचे हात बरे होईपर्यंत त्याला घास तूच भरवशील."

अंबूनं त्याच्या खापरीत निखारा ठेवला. "झाकून ने. वारा आहे."

घर पुन्हा उभं राहिलं. मल्हारीनं भरवलेला पहिला घास म्हाताऱ्यानं बराच वेळ तोंडात धरून ठेवला, मग गिळला. आणि त्या गावात आजही पारावर कुणी तसं बोलू लागलं, की कुणी हसत नाही. कुणीतरी उठतं आणि त्याच्यापुढं रिकामी खापरी ठेवतं.

लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: शेजाऱ्याचं घर द्वेषानं जळालं, तर ती आग आपल्याच चुलीतून गेली असं समजून साऱ्या गावानं उठावं.