बाईंनी न लिहिलेलं नाव

सरस्वतीबाई, पाटावर बसा आणि आपली कहाणी आपणच ऐका. बायांनो, हातात अक्षता घ्या, सांगून होईतो खाली टाकू नका.

एक आटपाट गाव होतं. गावात खाजगी शाळा होती. शाळेला पत्रे होते, पत्र्यांना भोकं होती. त्या शाळेत एक मास्तरीण होती, तिचं नाव द्वारका. वय एकवीस, माहेर गरीब, नेसायला दोन साड्या. पण अक्षर असं, की गावातली पत्रं तिच्याकडून लिहून घ्यायला बायका दारात बसायच्या.

मग दसरा आला. मुलांनी पाट्या मांडल्या, पाट्यांवर सरस्वती काढली, झेंडू वाहिला, गूळखोबरं खाल्लं नि घरी गेली. द्वारका एकटी मागं राहिली, वर्ग झाडू लागली. तोच दारात एक म्हातारी आली. पांढरं पातळ, पाय अनवाणी, खांद्याला कापडी पिशवी. म्हणाली, "बाई, बाई, पाणी दे." द्वारकेनं पाणी दिलं, वर गुळाचा खडा दिला. म्हातारी प्याली, निवाली, म्हणाली, "मुली, सगळ्यांची पुस्तकं पुजलीस. तुझं पुस्तक कुठं आहे?"

"माझं कुठलं पुस्तक, आजी?"

"तुझ्या नोकरीचं. कधी लागलीस, कुठं गेलीस, घरात कोण आलं, कोण गेलं, ते ज्यात लिहितात ते."

"सेवापुस्तक होय! ते हेडमास्तरांच्या कपाटात असतं."

"मग माझा एक वसा घे."

"घेईन. कसा घ्यावा, काय करावं?"

म्हातारी म्हणाली, "पाटीपूजन करावं. सणाची सुट्टी सरली, शाळा उघडली, की आपलं पुस्तक मागून घ्यावं. पहिल्या पानापासून वाचावं. शाळा बदलली, लिहून घ्यावं. नाव बदललं, लिहून घ्यावं. माणूस आलं, लिहून घ्यावं. माणूस गेलं, तेही लिहून घ्यावं. खाली साहेबाची सही घ्यावी. एक नक्कल घरी आणावी, फडक्यात बांधून देवाजवळ ठेवावी. लाजू नये, कंटाळू नये, पुढं ढकलू नये."

"यानं काय होतं?"

"म्हातारपणी कुणापुढं हात पसरावा लागत नाही. आणि आपल्यामागं आपलं माणूस उघड्यावर पडत नाही."

द्वारकेनं वसा घेतला. शाळा उघडल्यावर हेडमास्तरांकडे पुस्तक मागितलं. ते हसले, "अहो बाई, कालपरवा लागलात! पेन्शनीला अजून सदतीस वर्षं आहेत." पण पुस्तक दाखवलं, सही केली. एक वर्ष झालं, दोन झाली, पाच झाली. द्वारकेनं वसा पाळला.

मग सहाव्या वर्षी तिचं लग्न ठरलं. मुलगा एस.टी.च्या आगारात मेकॅनिक, नाव दत्ताराम, गाव तालुक्याचं. माणूस शांत, व्यसन नाही. सासरी ताटात तांदूळ पसरले, त्यावर अंगठीनं नवं नाव लिहिलं, सुलोचना. द्वारका होती ती सुलोचना झाली. सासरच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिला नोकरीही लागली. जुने हेडमास्तर म्हणाले, "बाई, आठ दिवस थांबा. सहा वर्षांचे कागद तयार करतो, नव्या नावाची नोंद करतो, हातात घेऊनच जा." सासरी सत्यनारायण होता, पाहुणे यायचे होते. ती म्हणाली, "पुढच्या दसऱ्याला येऊन घेऊन जाईन." दसरा आला, तेव्हा ती माहेरी गेली नाही. इथं वसा एकदा मोडला.

मग तिला दिवस राहिले. मुलगी झाली. दोन दिवस वेणा दिल्यावर झाली, आणि झाली ती रडली नाही. दाईनं पाठीत थापट्या मारल्या, गार पाणी मारलं, तेव्हा कुठं बारीक आवाज आला. नाव ठेवलं कुमुद. पोर गोरीगोमटी, डोळे मोठे. पण वर्षाची झाली तरी मान धरेना, तिसरं संपलं तरी बोलेना. सुलोचनाबाईंनी बिनपगारी रजा काढली. मोठ्या शहरातला डॉक्टर केला, वैद्य केला, मांत्रिक केला, एका देवीला चांदीचे डोळे वाहिले. अकरा महिने गेले. डॉक्टर म्हणाला, "ही आयुष्यभर लहान मुलासारखीच राहील. जीव लावा, दुसरं औषध नाही."

बाई परत शाळेत रुजू झाल्या. मुख्याध्यापिकेनं पुढं एक छापील कागद ठेवला. कुटुंबातली माणसं लिहा, वय लिहा, कुणाला काही अपंगत्व असेल तर लिहा. मुख्याध्यापिका हळूच म्हणाली, "मुलीचं लिहा हो. उद्या तुम्ही नसलात तर तिला जन्मभर आधार मिळेल. आणि त्या अकरा महिन्यांच्या रजेचंही मंजुरीपत्र लावून टाका."

बाईंचा चेहरा लाल झाला. "माझी पोर बरी होणार आहे. तिच्या कपाळावर शिक्का नाही मारायचा मला."

"मग नुसतं नाव तरी?"

"पुढच्या दसऱ्याला बघू."

घरी दत्तारामनं विचारलं, "लिहिलंस का?" बाई कुमुदला भरवायला उठल्या. त्यानं पुन्हा विचारलं नाही. तो कुमुदला खांद्यावर घेऊन आगारात जायचा, तिला बसच्या सीटवर बसवायचा, हॉर्न वाजवून दाखवायचा. ती हसायची. बाईंना वाटायचं, हसते आहे, म्हणजे समजतंय. समजतंय, म्हणजे बोलेल. दसरे आले, गेले. बाई मुलांच्या पाट्या पुजत होत्या. आपलं पुस्तक कपाटातच राहत होतं.

मग कुमुद सतरा वर्षांची असताना दत्ताराम दुपारी जेवून आगारात गेला आणि गाडीखाली काम करता करता छातीत कळ येऊन तिथंच गेला. आगारातल्या लोकांनी त्याला चादरीत घालून आणलं. कुमुदला वाटलं, खेळ आहे. ती चादर ओढत राहिली.

बाईंनी बदली मागून घेतली, तिसरी शाळा घेतली. तिथं रेवती नावाची नवी शिक्षिका होती, ती बाईंच्या शेजारीच राहायला आली. कुमुदचे केस विंचरून द्यायची, बाईंना आई म्हणायची. रेवतीनं एकदा पुस्तक पाहिलं नि म्हणाली, "आई, वारस म्हणून अजून दत्तारामकाकांचंच नाव आहे. बदलून घ्या. कुमुदताईंचं घाला."

"त्यांच्या नावावर रेघ कशी मारू गं?"

"रेघ नाही, नोंद करायची."

"बघू पुढच्या दसऱ्याला," बाई म्हणाल्या. वसा असा तिसऱ्यांदा मोडला, आणि मग त्याची आठवणही राहिली नाही.

मग बाई अठ्ठावन्न वर्षांच्या झाल्या, निवृत्त झाल्या. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, चार जणांनी भाषणं केली. तात्पुरती पेन्शन सहा महिने आली आणि थांबली. कार्यालयातून पत्र आलं, तुमच्या सेवेत त्रुटी आहेत, पूर्तता करा.

बाई पहिल्या गावी गेल्या. शाळा बंद पडली होती. पत्रे कुणी नेले होते. माहेरचं घर पावसात पडलं होतं, देवाजवळची नक्कल त्यातच गेली होती. हेडमास्तर वारले होते. त्यांचा मुलगा म्हणाला, "कपाट होतं, बाई. उघडलं तर आतलं सगळं वाळवीनं खाल्लेलं. आम्ही जाळून टाकलं." बाईंनी तिथली माती बोटानं उकरून पाहिली. सहा वर्षं कुठंच नव्हती.

मग बाई कार्यालयात गेल्या. तिथले कारकून, भाऊसाहेब, म्हणाले, "द्वारका कोण?"

"मीच."

"सुलोचना कोण?"

"मीच."

"पुरावा?"

बाई म्हणाल्या, "मी आहे की इथं उभी." भाऊसाहेबांनी मान खाली घातली. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "बाई, तुम्ही आहात हे मला दिसतंय. कागदाला दिसत नाही."

मग प्रतिज्ञापत्र केलं, राजपत्रात नाव छापून आणलं. मग अकरा महिन्यांच्या रजेचा प्रश्न निघाला. मंजुरीपत्र नाही, मुख्याध्यापिका परगावी, तिला आता माणसं ओळखू येत नाहीत. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. बाईंनी शिकवण्या धरल्या, पण दम लागायचा. हातातल्या बांगड्या गेल्या, दत्तारामचं घड्याळ गेलं. कुमुदला घरी एकटी ठेवता येईना, म्हणून प्रत्येक खेपेला बरोबर न्यायच्या. तीस-बत्तीस वर्षांची बाई आईचा पदर धरून कार्यालयाच्या बाकड्यावर बसायची. लोक बघायचे. बाईंना आताशा लाज वाटत नव्हती, नुसती भीती वाटत होती.

मग डॉक्टरनं बाईंच्या छातीचा आलेख काढला नि म्हणाला, "बाई, हृदय थकलंय. फार दगदग करू नका." त्या दिवशी बाई देवळाच्या पायरीवर बसल्या. कुमुद शेजारी प्रसादाचे फुटाणे खात होती. बाईंनी डोळे मिटले, हात जोडले आणि मागितलं, "देवी, तुझ्याजवळ कधी काही मागितलं नाही. आता एकच दे. हिला माझ्या आधी ने."

मागितलं आणि कुमुदचा हात घट्ट धरला. डोळे उघडले तर समोर म्हातारी. पांढरं पातळ, पाय अनवाणी. म्हणाली, "बाई, बाई, हे काय मागितलंस?"

बाई रडल्या. नवरा गेला तेव्हा रडल्या नव्हत्या, इतक्या रडल्या. "काय करू? माझ्यामागं हिचं कुणी नाही."

"हिचं नाव लिहिलंस का?"

"नाही लिहिलं."

"का नाही लिहिलंस?"

बाई म्हणाल्या, "लिहिलं असतं, तर ते खरं झालं असतं."

म्हातारी शेजारी टेकली. तिनं कुमुदच्या हनुवटीवरचं फुटाण्याचं साल काढलं, म्हणाली, "तू तिला माझ्या वशातून वगळलंस, म्हणून मी कोपले नाही. कोपायला मी कोण? पण ऐक. तुझी गेलेली सहा वर्षं मी आणून देऊ शकत नाही, ती माझ्याही हातात नाहीत. तुझं आयुष्य वाढवू शकत नाही. राहिलेलं तेवढं कर. लाजू नकोस, कंटाळू नकोस, आणि आता दसऱ्याची वाट पाहू नकोस."

मग दुसऱ्या दिवशी बाई उठल्या. कुमुदला न्हाऊ घातलं, नवं पातळ नेसवलं, सरकारी दवाखान्यात नेलं. चार खेपा झाल्या. पाचव्या खेपेला अपंगत्वाचा दाखला मिळाला. रेवतीनं शाळेतून रजा काढली, बरोबर आली. तिघी कार्यालयात गेल्या. भाऊसाहेबांनी अर्ज पुढं ओढला. "मुलीचं लग्न?"

"नाही."

"कमावते?"

"नाही."

"स्वतःचं स्वतः करू शकते?"

बाईंनी मागं वळून पाहिलं. खोलीत दहाबारा माणसं होती. बाईंनी वर्गात बोलायच्या त्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "नाही. माझी मुलगी कुमुद स्वतःचं स्वतः काही करू शकत नाही. ती लहान मुलासारखी आहे. जन्मापासून. पुढंही तशीच राहणार."

भाऊसाहेबांनी टोपणाचं पेन उघडलं. मग तसंच ठेवलं, म्हणाले, "बाई, तुमचं अक्षर चांगलं आहे म्हणतात. तुम्हीच लिहा, मी सही घेतो." बाईंनी लिहिलं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा लिहिलं. कुमुद दत्ताराम. अक्षर अजून तेच होतं.

मग सात महिन्यांनी पेन्शनीचा हुकूम आला. सहा वर्षं वजा होती, अकरा महिने वजा होते. उरलं त्यात दोघींची भाकरी निघत होती, बाईंचं औषध निघत नव्हतं. बाईंनी हुकूम तीनदा वाचला. शेवटच्या ओळीत कुमुदचं नाव होतं. त्यावर बोट ठेवून त्यांनी ते कुमुदला दाखवलं. त्यानंतर पेन्शनीचे चारच महिने त्यांना मिळाले. पाचव्या महिन्यात, चहा गाळता गाळता, गेल्या.

कुमुद रेवतीकडे राहिली. आईची अर्धी पेन्शन तिच्या नावावर लागली, तीही सहजी नाही, वर्षभरानं. रेवतीनं वसा उचलला. दर दसऱ्यानंतर आपलं पुस्तक वाचते, दुसऱ्या मास्तरणींनाही वाचायला लावते. त्या हसतात, तिच्या नादानं वाचतात.

दर नोव्हेंबरात कुमुद जिवंत आहे हे दाखवायला रेवती तिला कार्यालयात नेते. भाऊसाहेब आता नवे आहेत. ते विचारतात, "हयात का?" रेवती म्हणते, "आहे." कुमुद कागदावर अंगठा उठवते. मग कुणाचं न ऐकता बाहेर जाते, आईबरोबर बसायची त्या लांब बाकड्यावर टोकाला बसते. आपल्या पदरानं शेजारची जागा पुसते आणि तिथं कुणाला बसू देत नाही. रेवती म्हणते, "ताई, चला." ती मान हलवते. कार्यालय बंद होईतो दोघी तिथं असतात.

सरस्वतीबाई, सुलोचनेला जे उशिरा दिलंत, ते आम्हाला वेळेवर द्या. आमच्या हातांना आमच्या माणसांची नावं लिहायचं बळ द्या. ऐकणारीच्या, सांगणारीच्या, इथं येऊ न शकलेलीच्या मागं कुणी उघड्यावर पडू नये. साठ वर्षांची ही कहाणी पाच घटकांत सांगितली. फळ अर्धं, कहाणी पुरी. बायांनो, अक्षता वाहा.