हणमंतचा कुलूपबंद लॅपटॉप

एका गावात एक फोटोवाला होता आणि त्याला शंकेची खोड होती. हणमंत लोखंडे त्याचं नाव. लग्न असो, बारसं असो, जावळ असो, हा कॅमेरा घेऊन हजर. हात चांगला होता, पण विश्वास कुणावर बसायचा नाही. पुढ्यात चहा आला तरी आधी वास घ्यायचा.

त्याच्या दुकानात सुमन कुंभार नावाची बाई आठ वर्षं कामाला होती. हणमंतनं शूटिंग करून आणायचं आणि सुमननं लॅपटॉपवर बसून त्याची फिल्म जुळवायची. नवरी कुठं रडली, मामा कुठं रुसला, काय ठेवायचं, काय कापायचं, ते तिलाच कळायचं. दुकान चालायचं ते तिच्या नजरेवर. हणमंतला ते माहीत होतं, पण तोंडानं कधी म्हणाला नाही.

खंडेनवमीला तो लॅपटॉपची पूजा करायचा. नुसतं बोट टेकवून नाही. लॅपटॉप पाटावर ठेवायचा, त्यावर हळदकुंकू, अक्षता, आणि झेंडूच्या पाकळ्या ओंजळीनं वाहायचा. पूजेला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही.

त्या वर्षी तुळशीची लग्नं झाली, माणसांची लग्नं सुरू झाली, आणि लॅपटॉप रखडायला लागला. एका दिवसाच्या कामाला तीन दिवस पुरेनात.

सुमन म्हणाली, "दादा, हा फार तापतोय. खालून हात लावून बघा. एकदा उघडून साफ करून आणा."

"इतकी वर्षं नाही तापला तो?" हणमंत म्हणाला. "आत्ताच बरा तापला!"

त्यानं गुपचूप परीक्षा घेतली. सकाळी दुकान उघडलं, लॅपटॉप लावला, पाच मिनिटं फोटो मागंपुढं केले. लॅपटॉप घोड्यासारखा पळाला. मग सुमन येऊन फिल्मच्या कामाला बसली. पाव तासात घोड्याची गोगलगाय. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. झालं! संशयी माणसाला एवढं बास होतं.

"माझ्या हातात पळतो आणि तुझ्याच हातात लंगडतो. असं कसं गं?"

"तुम्ही पाच मिनिटं बसता, दादा. मी पाच तास बसते."

"उत्तर तयारच ठेवलं होतंस म्हणायचं."

पलीकडच्या गल्लीत विलास भोईटेनं नवा स्टुडिओ टाकला होता. हणमंतनं मनातल्या मनात जुळवलं. सुमन फितूर झाली. विलासच्या सांगण्यावरून लॅपटॉपमध्ये काहीतरी घालून ठेवते.

मग काय, त्यानं चांभाराकडून लॅपटॉपला रेक्झिनची जाड खोळ शिवून घेतली. पडदा आणि बटणं तेवढी उघडी, बाकी सगळं बंद. बाजूला कडी आणि कडीला कुलूप. कुणी काही खुपसायला नको. शिवाय रोज संध्याकाळी दाराशी उभं राहून सुमनची पिशवी बघायला लागला. पिशवीत जेवणाचा डबा आणि छत्री, दुसरं काय असणार?

खोळ चढल्यापासून लॅपटॉप जास्तच रखडला. अक्कल असती तर माणूस इथं थांबला असता. याला वाटलं, कुलूप लावलं म्हणून बाई चिडली आणि डूख धरला.

त्यातच सुतारांच्या लेकीच्या लग्नाची फिल्म द्यायची वेळ आली. पोरगी सोमवारी नवऱ्याबरोबर लांब नोकरीच्या गावी जाणार. तिचा बाप दुकानात येऊन बसला. फिल्म अर्धीच. हणमंतचं डोकं फिरलं. त्या बापासमोरच तो सुमनवर ओरडला, "विलासनं काय कबूल केलंय तुला, ते सांगून टाक एकदाचं!"

सुमन उठली. पिशवीतला डबा काढला, झाकण उघडलं आणि टेबलावर पालथा केला. अर्धी भाकरी पडली.

"नीट बघून घ्या, दादा," ती म्हणाली. "उद्यापासून बघायला मिळायची नाही."

आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी हणमंत तालुक्याला मुनीर मिस्त्रीकडं गेला. त्याच्यावर तरी कुठला विश्वास! पार्ट बदलतील म्हणून आदल्या दिवशीच प्रत्येक स्क्रूवर बायकोच्या नखपॉलिशचा ठिपका दिला होता. खुर्ची ओढून मिस्त्रीच्या हातांवर डोळे लावून बसला.

मिस्त्रीनं खोळीचं कुलूप बघितलं, हणमंतच्या तोंडाकडं बघितलं आणि खोळ उतरवायला लावली. मग लॅपटॉपची पाठ उघडली. आतल्या पंख्याला वाळक्या पाकळ्या गुंडाळल्या होत्या. वारा जायच्या जाळीत तांदळाचे दाणे अडकले होते. वर कुंकवाचा लगदा बसला होता.

"पूजा कुणी केली याची?"

"मीच. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही."

"ते दिसतंय. अहो, याला वारा मिळेना. तापला की जळून जाऊ नये म्हणून हा आपणच चाल कमी करतो. थंड असला की पळतो, काम दिलं की तापतो, तापला की रांगतो. आणि वरून तुम्ही याला स्वेटर घातलात!"

"म्हणजे सकाळी मी बसायचो तेव्हा..."

"तेव्हा तो थंड होता, पाव्हणं."

मिस्त्रीनं सगळं साफ केलं. लॅपटॉप पळायला लागला. हणमंत खोळ तिथंच टाकून तडक सुमनच्या घरी गेला. दारात तिची सासू गहू निवडत होती.

"ती कामावर गेली."

"कुठं?"

"विलासकडं. तुम्ही घालवलीत हे कळलं म्हणून त्यानं निरोप धाडला. त्याआधी त्याला माझी सून कोण हे ठाऊकसुद्धा नव्हतं."

हणमंत उंबऱ्याबाहेरूनच परतला. सुतारांची फिल्म त्यानं स्वतःच जुळवली. लॅपटॉप जराही अडला नाही. सोमवारी सुतारांच्या घरी सगळे फिल्म बघायला बसले. त्यात आचारी पाव तास बुंदी पाडत होता. लेकीला निरोप देताना बाप रडला होता, तेवढं मात्र कापलं गेलं होतं.

तात्पर्य: काही बिघडलं तर दुसऱ्याच्या पिशवीची झडती घ्यायच्या आधी आपल्या हातानं काय झालंय ते बघावं. संशय घेऊन चोर सापडत नाही, आपलं माणूस मात्र हातचं जातं.