तोमेचं कार्ड

"भंतेजी, पाठवलेलं कार्ड परत मागता येतं का?"

चपला काढायच्या आधीच पोरीने विचारलं. वंदना नाही, काही नाही.

भंतेजी दारातल्या सतरंजीवर बसून नखं कापत होते. त्यांनी नुसतं वर बघितलं.

मी आत भात उतरवत होते. मी सुलोचना गजभिये. टेकडीवरच्या या विहारात रोज भंतेजींचं जेवण मीच करते. बाराच्या आत जेवले नाहीत, तर दुसऱ्या सकाळपर्यंत उपाशी, असा त्यांचा नियम. आणि लोक नेमके साडेअकराला रडायला येतात!

ही पोर म्हणजे खालच्या गावातली तक्षशिला रामटेके. कॉलेजात शिकते. जपानी कार्टून मालिका असतात ना, अ‍ॅनिमे म्हणतात त्यांना, त्या बघणाऱ्या पोरापोरींचा तिने एक गट केलाय. त्या मालिका बघणारं कुणी आजारी पडलं, नापास झालं, कुणाच्या घरातलं माणूस गेलं, की हे लोक हाताने चित्र काढून त्याला धीराचं कार्ड पाठवतात. काम चांगलं, नाही कोण म्हणतं. पण बुद्धपौर्णिमेला हिने माईक हातात घेऊन सांगितलं होतं, "माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही कार्ड सुटत नाही."

आज तिचे ओठ पांढरे पडले होते.

"कुणाला पाठवलंस?" भंतेजींनी विचारलं.

"नूपुर म्हणून मुलगी आहे. सतरा वर्षांची. नागपूरला दवाखान्यात आहे, मांडीच्या हाडात गाठ. मंगळवारी ऑपरेशन. सलाइन चालू असताना ती रोज एका मालिकेचा एकेक भाग बघते. तिची आई मला कळवत असते."

"मग?"

"त्या मालिकेत तोमे आहे. दिवा घेऊन डोंगर चढते, कशालाच भीत नाही. मी तिचं चित्र काढलं आणि खाली लिहिलं, तू तोमे आहेस."

"छान."

"छान नाही, भंतेजी! तोमे मरते. शेवटच्या भागात मरते ती."

माझ्या हातातलं झाकण खाली पडलं.

"तुला माहीत नव्हतं?" भंतेजींनी विचारलं.

"मी शेवट बघितलाच नव्हता. पंधरा भागांनंतर कंटाळून सोडून दिली होती. गटात मात्र सांगितलं, पूर्ण बघितली."

घ्या! चित्रातलं हसू वाकडं आलं म्हणून दुसऱ्यांची कार्डं परत करणारी बाई ही.

"आज शनिवार. आज ती बाविसावा भाग बघेल. उद्या तेविसावा. सोमवारी चोविसावा, तो शेवटचा. आणि मंगळवारी तिला आत नेणार. आई म्हणते, कार्ड उशीखाली घेऊन झोपते. भंतेजी, तिने ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आशाच सोडली तर? माझ्यामुळे?"

मला तिचा राग आला होता, तो कुठल्या कुठे गेला.

तिने पिशवीतून एक नवीन कार्ड काढलं. पहिल्याच्या दुप्पट मोठं असणार, कडेने सोनेरी रंग.

"याला परित्राणाचा दोरा बांधून द्या. आजच्या आज कुरियर करते."

परित्राण पाठ झाला की भंतेजी सगळ्यांच्या मनगटाला पांढरा दोरा बांधतात, संकट टळावं म्हणून. कार्डाला बांधा म्हणणारी ही पहिलीच.

"यात कोण आहे?"

"होडी चालवणारी बाई. त्याच मालिकेतली. ही शेवटपर्यंत जगते. या वेळी मी सगळं बघून आले."

"आणि शेवटानंतर?"

"शेवटानंतर काय? मालिका संपते."

भंतेजींनी कार्ड नीट बघितलं आणि परत दिलं. दोरा बांधला नाही.

ते पिशवीत घालताना आतलं एक पाकीट बाहेर पडलं. वर निळ्या शाईत, वेड्यावाकड्या अक्षरात तक्षशिलाचं नाव. पाकीट बंदच होतं.

"हे?"

"तिचंच आहे. परवा आलं."

"उघडलं नाहीस?"

"नाही."

"का?"

"तिला कळलं असेल तर?"

भंतेजींनी पाकीट तिच्यापुढे धरलं. तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले, चटका बसल्यासारखे. मग त्यांनी ते माझ्याकडे दिलं. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, जोडाक्षरांना अडखळते. तरी फोडून मोठ्याने वाचलं.

'ताई, मी ही मालिका दुसऱ्यांदा बघतेय. तोमे मरते, मला माहीत आहे. बाकी सगळ्यांनी मला जिंकणाऱ्यांची चित्रं पाठवली. मरणाऱ्या मुलीचं चित्र पाठवायची हिंमत तू एकटीने केलीस. म्हणून तुलाच विचारते. शेवटी तोमेजवळ कुणीच नसतं. मागच्या वेळी तिथं मी डोळे मिटून घेतले होते. मंगळवारी सकाळी आठला मला आत नेतील. आई सारखी रडते, तिच्यासमोर मला हसावं लागतं. तू घाबरत नाहीस. तू येशील का? दारापर्यंतच.'

शेवटच्या ओळी मला धड दिसेनात. पदराने डोळे पुसून पुन्हा वाचाव्या लागल्या.

बाराला दहा मिनिटं होती. भात निवत होता. तरी मी जेवायला उठा म्हटलं नाही.

तक्षशिलाने घाईघाईने एक कोरं कार्ड काढलं, पेनाचं टोपण उघडलं.

"आता काय लिहू, भंतेजी? तुम्ही सांगा, मी लिहिते. सोमवारपर्यंत नक्की पोचेल."

"ती कार्ड मागत नाहीये."

पेन तसंच हातात राहिलं.

"मी नाही जाऊ शकत," ती म्हणाली. "बाबांना असंच आत नेलं होतं. सगळे दारापर्यंत गेले. मी खाली जिन्यात बसून राहिले. फिनाइलच्या वासानेच पुढची पायरी चढवेना. बाबा परत आलेच नाहीत..." ती हमसून रडायला लागली. "कार्ड लिहिलं की जावं लागत नाही. म्हणून लिहिते मी. भंतेजी, मला भीती वाटते. फार वाटते."

"तिला सांग."

"तिला? तिला वाटतं मी घाबरतच नाही! धीर द्यायला जायचं आणि तिच्या आधी मीच लटपटायचं? तिचा हात कसा धरू? हे बघा, माझाच कापतोय."

तिने हात पुढे केला. खरंच थरथरत होता, बोटांच्या टोकापर्यंत.

भिक्खूने बाईला हात लावायचा नसतो. भंतेजी त्या हाताकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले.

"सुलोचनाबाई, हिचा हात धरा."

मी धरला. गार पडला होता बिचारीचा. पत्र वाचल्यापासून माझाही हात कुठे स्थिर होता? तशाच बसलो दोघी.

"आता कुणाचा कापतोय?" भंतेजींनी विचारलं.

तक्षशिलाने आमच्या हातांकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. पुन्हा हातांकडे.

"...कळत नाही."

"मग मंगळवारी नूपुर आणि तू, दोघी मिळून घाबरा."