रंगू बदकाचं माहेर

“पावसात कडा निसरडा होतो म्हणून बोंबलून सांगितलं, पण माझं मेलीचं खरं वाटतं कुणाला!” जनावरं बोलत होती त्या काळी भागी शेळी करवादत होती.

“पाऊस म्हणजे माझं माहेर,” म्हणत तळ्यातलं रंगू बदक कड्यावर गेलं नि अडकलं. भागीनं खूर फुटेस्तोवर चढून त्याला पाठीवरून खाली आणलं. सगळे रंगूलाच कुरवाळू लागले, “किती धीट गं पोर!” भागीला कुणी पाणीही विचारलं नाही. तिचा नुसता जळफळाट झाला.

दुसऱ्याच दिवशी रंगू पुन्हा अडकलं, भागीनंच पुन्हा आणलं. आता मात्र सगळे वैतागले. “तुला वर जायची वाट दाखवली कुणी?”

“चिखलात कालचे खुरांचे ठसे होते की!” रंगू म्हणालं.

सगळे एकदम उसळले, “भागी!”